सातकोनी

त्या खेळात एक पाणमांजर होतं,
पाठीला किटली बांधलेलं, जरा आगाऊ,
आणि नऊ दुनिया. प्रत्येकीत शंभर पितळी बटणं:
कुठे छपराच्या कडेला, कुठे गोठलेल्या तळ्याखाली,
कुठे अशा जागी की इथे कुणी कशाला यावं,
आणि म्हणूनच यावं.
बटण उचललं की टिंग.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा एकाने पुढे
आणि छातीत काहीतरी जागच्या जागी बसायचं.

मी अकरा वर्षांची. गाव हिंक्ली, लेस्टरच्या बाजूचं,
मोज्यांच्या कारखान्यांचं;
म्हणजे मोजे होते अजून सगळ्यांच्या पायांत.
बाबा तिथे सव्वीस वर्षं जोड्या जुळवायचा.
मोज्याला डावा-उजवा नसतो, म्हणायचा,
तरी जोड चुकलेली हाताला कळते.
मार्चपासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता.
टीव्ही बघायचा नाही. खिडकीतूनही नाही.

खेळाचा नियम दुष्ट होता:
बुडालात, पडलात, दुनियेबाहेर पाऊल टाकलंत
की सगळी बटणं परत आपापल्या जागी.
शंभर हवीत तर एका दमात.

आणि आमच्या घराची वीज नाण्यावर चालायची.
जिन्याखाली घरमालकाचा मीटर,
पन्नास पेन्सचं सातकोनी नाणं गिळून
थोडा वेळ गप्प बसणारा.

नोव्हेंबर. आई रात्रपाळीला, वेफर्सच्या फॅक्टरीत.
मी तळ्याच्या दुनियेत. सत्त्याण्णव.
आणि मीटरची लाल चकती
शेवटचं नाणं संपवत आलेली.
मी किंचाळले. नक्की कुणावर, ठाऊक नाही.

बाबा उठला.
"किती राहिली?"
"तीन."
"चल मग, डक."
आमच्याकडे लाडाने बदकच म्हणतात.

सोफ्याच्या फटीत त्याचा हात कोपरापर्यंत गेला:
दोन पेनी, एक कंगवा, क्लेटनचा दुधाचा दात.
मीटर चिल्लर खात नाही.
लग्नातल्या कोटाचे खिसे. चहाचा डबा.
मी पलंगाखाली पोटावर सरपटत,
धुळीत नाक, डोळा तिकडे पडद्यावर,
जिथे पाणमांजर एका पायावर डुलत
माझी वाट बघत होतं.

आणि मग ते गेलं.
दिवा, फ्रिजची घरघर, सत्त्याण्णव बटणं,
सगळं एकदम.

मी रडणार होते. तोंड उघडलंही होतं.
तेवढ्यात धुण्याच्या मशीनमागून, काळोखातून,
सव्वीस वर्षं मोजे जुळवलेल्या माणसाचा
थोडा लाजलेला आवाज:

"टिंग."

सातकोनी होतं. मी बोटांनी कोपरे मोजले.
"घालू मीटरमध्ये?" त्याने विचारलं.
"थांब," मी म्हटलं. "अजून असतील."

मग टॉर्च. मग क्लेटन उठला, त्याला शिडीवर चढवला.
मग गालिचा गुंडाळला, कपाट हलवलं,
कपाटामागे भिंतीचा एक जुना हिरवा रंग सापडला
जो आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हता.
प्रत्येक नाण्याला तिघे मिळून टिंग म्हणत होतो,
शेजारच्या मिसेस ऑल्सॉपने भिंतीवर चप्पल आपटेपर्यंत.

आता माझं वय बाबाच्या तेव्हाच्या वयाजवळ आलंय.
कोपऱ्यात आकडा नसतो, एवढंच खटकतं.
काय काय हरवलं ते ठाऊक असतं;
किती होतं एकूण, ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

सहा वाजता आई आली, केसांना मिठाचा वास.
दिवाणखान्याच्या मधोमध सगळं सामान,
आम्ही गालिच्याच्या वळकटीवर झोपलेलो,
बाबा जागा, समोर नाण्यांची चळत,
मीटरमध्ये एकही न टाकलेलं.

तिने दिव्याचं बटण दाबलं. दोनदा.
मग काळोखाकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं
आणि ओरडायचं राहूनच गेलं.
"किती?"
"नऊ. एक अजून आहे कुठेतरी, ग्लेनिस.
मला वाटतंच आहे."

आईने कोट काढला नाही.
गुडघ्यांवर बसली, गाल जमिनीला टेकवला.
"रेडिएटरमागे बघितलंत?"